फोटोच्या पाठीवर

कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सांगलीतले फोन वाजायचे थांबत नाहीत. दिवसभर एकाच जागेचे फोटो येत राहतात. आयर्विन पूल. सकाळी २५ फूट, दुपारी २८, रात्री ३२. कुणी कठड्यावरून वाकून काढलेला, कुणी सांगलीवाडीच्या काठावरून, कुणी घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर उभं राहून. परगावच्या माणसाला त्यात १९२९ सालचा एक जुना पूल आणि तांबडं पाणी दिसेल. आम्हाला त्यात आजची रात्र दिसते. पाणी ३५ फुटांच्या पुढं सरकलं की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडकडची माणसं सामान हलवायला लागतात. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ धोक्याची. पुलाचा कुठला खांब किती बुडाला यावरून इथला दहा वर्षांचा मुलगासुद्धा पाण्याचा अंदाज सांगतो.

माझा पेठेत फोटो स्टुडिओ आहे. साठच्या दशकात अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तो काढला आणि पुढं मी चालवला. डार्करूमच्या लाल दिव्यापासून आजच्या फोनपर्यंत सगळं हातांखालून गेलं. आज जो तो फोटो काढतो आणि वाटतो, याचा मला मनापासून आनंद आहे. महाबळेश्वरचं धुकं, कासची फुलं, आंबोलीचे धबधबे रोज माझ्याकडं येतात आणि मी ते आवडीनं बघतो. पण एवढी वर्षं लोकांचे फोटो हाताळल्यावर एक गोष्ट मला अगदी ठाम वाटते. माणसं पुढं जे शोधत येतात ते धबधबे नसतात. ती शोधत येतात आपली गल्ली, आपलं अंगण, बाजाराचा दिवस, शाळेचं फाटक. आणि सापडतं तेवढंच, जे कुणीतरी कुणालातरी दिलेलं असतं आणि ज्याच्यावर चार शब्द लिहिलेले असतात.

हे मला पुरानं दाखवलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फूट ६ इंचांपर्यंत चढलं. धोक्याच्या पातळीच्या साडेबारा फूट वर. कापडपेठ, हरभट रोड, मारुती चौक, स्टँड, सगळीकडं होड्या फिरत होत्या. वीज नव्हती. जिथं फोनला चार्जिंग उरलं होतं तिथं फोटोंवरच निर्णय होत होते. आपल्या बोळाच्या तोंडाशी पाणी कुठल्या दुकानाच्या पायरीपर्यंत आलंय, हे समोरच्या गच्चीवरच्या माणसानं पाठवलेल्या फोटोत दिसायचं आणि म्हातारं माणूस घरात असलेली कुटुंबं त्यावरून निघायचं की थांबायचं ते ठरवायची. पुण्या-मुंबईतल्या लेकी-सुनांना तोच फोटो आईवडिलांची खुशाली सांगायचा. त्या दिवसांत साध्या फोनवर, पावसात, हात थरथरत काढलेल्या फोटोंनी जे काम केलं ते कुठल्याही स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या फोटोनं केलं नसेल.

त्यातच जुने फोटोही फिरायला लागले. २००५ च्या पुराचे. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, भीतीनं हात चालत होते. पण एखाद्या वस्तीत पाणी शिरल्याचा चौदा वर्षांपूर्वीचा फोटो आजचा म्हणून आला की तिथली माणसं अंधारात पोरंबाळं घेऊन बाहेर पडतात. मला नातेवाईक विचारायचे, ‘काका, हा खरा हाय का आत्ताचा?’ बहुतेक वेळा उत्तर पाण्यात नसायचं, पाण्याच्या कडेला असायचं. मारुती चौकाच्या म्हणून आलेल्या एका फोटोत कोपऱ्यात पिवळी पाटी होती, एसटीडी-आयएसडी-पीसीओची. २०१९ मध्ये असली पाटी लावून कोण बसलंय? दुसऱ्या एका फोटोत पाण्यात उभ्या असलेल्या सगळ्या स्कूटर जुन्या, गिअरच्या. तिसऱ्यात रंग असे विटलेले, की तो कागदी फोटोवरून पुन्हा काढलेला आहे हे उघड होतं.

एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात ‘आयएमजी’ पुढं तारीख असते आणि मग ‘डब्ल्यूए’ अशी अक्षरं. ती तारीख फोटो काढल्याची नसते, तो आपल्या फोनमध्ये आल्याची असते. २००५ चा फोटो ६ ऑगस्ट २०१९ ला आला तर त्याच्या नावावर ६ ऑगस्ट २०१९ असंच लिहिलं जातं. कितीतरी शिकलेली माणसं ती तारीख दाखवून माझ्याशी वाद घालत होती.

पाणी ओसरलं आणि चिखल काढून झाला तेव्हा स्टुडिओच्या दारात माणसं यायला लागली. पिशव्यांत, बादल्यांत, पोत्यांत भरून अल्बम. वास असा की आठवलं तरी नकोसं होतं. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, धान्य गेलं, त्याबद्दल ती माणसं बोलायची आणि गप्प व्हायची. अल्बम काउंटरवर ठेवला की मात्र बोलताना आवाज फुटायचा नाही.

इथं थोडं कामाचं सांगतो, कारण २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं आणि हे कुणालाही कधीही लागू शकतं. कागदी फोटोवर चित्र असतं ते जिलेटिनच्या थरात. पाणी पिऊन तो थर साबुदाण्यासारखा फुगतो आणि समोरच्या फोटोला चिकटतो. तसाच वाळला की दोन्ही फोटो एक होतात, मग ओढलं की चेहरेच निघून येतात. म्हणून भिजलेला अल्बम उन्हात टाकू नये. ओला आहे तोवर स्वच्छ गार पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवावा, पाण्याखालीच एकेक फोटो सोडवावा, चोळू नये, पाणी बदलत राहावं. मग चित्राची बाजू वर करून सावलीत, कोऱ्या कागदावर पसरावा. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई उठते. सगळं एका दिवसात होणार नसेल तर फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत, बुरशी थांबते. काचेला चिकटलेला फोटो ओढूच नये, काचेसकट स्कॅन करावा. आणि हे सगळं करण्याआधी, अल्बम जसा आहे तसा पानं उलटत फोनवर टिपून घ्यावा, कारण काही चित्रं डोळ्यांदेखत विरघळतात.

काय वाचतं याचाही एक क्रम असतो. अण्णांच्या काळातले काळे-पांढरे फोटो सगळ्यांत चिवट निघाले. रंगीत फोटोत रंगांचे तीन थर असतात: वरचा निळसर, मधला किरमिजी, तळाचा पिवळा. चिखलाचं पाणी वरून खायला लागतं, म्हणून आधी निळा जातो, मग किरमिजी, आणि शेवटी लग्नाचा आख्खा मांडव पिवळ्या-पांढऱ्या ओघळांत दिसेनासा होतो. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो तर शाईच्या डागाशिवाय काही राहिले नाहीत. आणि सगळ्यांत जास्त नुकसान झालं ते चिकट पानांच्या अल्बमांत. त्यांतून फोटो सुटतच नाहीत.

२०११ च्या मार्चमध्ये जपानमध्ये त्सुनामी आली तेव्हा मियागी प्रांतातल्या यामामोतो गावात स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेले साडेसात लाखांच्या आसपास फोटो असेच धुतले, स्कॅन केले आणि घरच्यांना शोधता यावेत म्हणून मांडून ठेवले. मी ते वाचलं होतं. त्यामुळं आपण करतोय ते वेड नाही, एवढा धीर मला होता.

तरीही बरंच गेलं. आणि जे गेलं त्यातलं जे परत आलं, ते जवळजवळ सगळं एकाच वाटेनं आलं. कधीतरी एक कॉपी जास्तीची काढून कुणालातरी दिलेली होती. दत्तनगरातल्या एका वहिनींकडं लग्नापासूनचं काहीच उरलं नव्हतं. नाशिकच्या नणंदेनं आपल्याकडचं पाकीट कुरिअरनं पाठवलं. वहिनी ते घेऊन दुकानात आल्या. त्यात घरातले समारंभ होतेच, पण त्या ज्या फोटोवर थांबल्या तो साधाच होता: परड्यात दगडी पाट्यावर वाटण वाटणाऱ्या सासूबाई, शेजारी हौद, मागं शेवग्याचं झाड. मागच्या बाजूला नणंदेच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘आई, सांगलीचं परडं, गौरीच्या आदल्या दिवशी, १९८३.’ घराचं दुसऱ्यांदा बांधकाम झालं तेव्हाच ते परडं गेलं होतं. त्या मला म्हणाल्या, ‘हौद कुठल्या बाजूला होता यावरनं आम्ही जावा-जावा भांडायचो. बघा, इथं हाय.’

माझ्याच दुकानाची गोष्ट याच्या उलट आहे. निगेटिव्ह सगळ्या माळ्यावर होत्या, बटर पेपरच्या पाकिटात, नंबर घातलेल्या. त्या वाचल्या. पण कुठल्या नंबरवर कोण, कुठं, कधी, हे लिहिलेल्या वह्या काउंटरच्या खणात होत्या. त्यांचा लगदा झाला. आता माझ्याकडं सांगलीचे हजारो चेहरे आणि शेकडो जागा आहेत, आणि नाव एकालाही नाही. अण्णा हयात असते तर निम्मी नावं त्यांनी तोंडपाठ सांगितली असती.

तेव्हापासून मी रविवारी एकेक निगेटिव्ह स्कॅन करतो आणि ओळखीच्या मंडळींत पाठवतो. खाली लिहितो: जागा कुठली? साल कुठलं? आणि मग जे सुरू होतं त्यानं माझा रविवार भरून जातो. माणसं चेहरा बघत नाहीत, मागचं बघतात. घाटावरच्या एका फोटोत भिंतीला ‘पिंजरा’चं पोस्टर दिसलं. पिंजरा १९७२ साली आला, म्हणजे फोटो त्या सुमाराचा. एका फोटोत एसटी उभी होती, तर निवृत्त कंडक्टरनी गाडीच्या पुढच्या भागावरून दशक सांगितलं. दुकानाच्या पाटीवरून बोळ, बोळावरून घर, घरावरून कुटुंब, आणि शेवटी अमेरिकेतून कुणाचा तरी निरोप: पायरीवर बसलेली ती मुलगी माझी मावशी.

हरिपूरचा एक फोटो यात सगळ्यांत गाजला. सांगलीहून हरिपूरला जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा चिंचांची मोठी झाडं. पुढं संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. आमच्याकडचा प्रत्येक माणूस कधी ना कधी सुट्टीच्या दिवशी तिथं गेला आहे. अण्णांच्या त्या फोटोत पाच माणसांचं एक कुटुंब चिंचेखाली डबा खात बसलंय. त्यांनी पैसे दिले ते स्वतःच्या फोटोचे. पण मागं, जरा अंधुक, हळदीच्या पोत्यांची बैलगाडी आहे आणि तिच्या पलीकडं जमिनीत एक गोल तोंड उघडं आहे, त्याच्याभोवती तीन-चार माणसं उभी आहेत. ते हळदीचं पेव. हरिपूरची माती अशी की आत ओल झिरपत नाही, म्हणून जमिनीखाली खड्डा घेऊन त्यात हळद वर्षानुवर्षं साठवायची. वरून अरुंद तोंड, आत पोटानं मोठं. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे, आतली हवा बदलेपर्यंत थांबावं लागायचं. त्या फोटोतली माणसं त्यासाठीच थांबली आहेत. २००५ च्या पुरात यातली बरीच पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची कीर्ती सगळीकडं आहे. पण तोंड उघडं असलेल्या पेवाचा फोटो विचाराल, तर किती घरांत निघेल? जे रोज दिसतं त्याचा फोटो काय काढायचा, असं प्रत्येकाला वाटलं. अण्णांनाही वाटलंच असणार. पेव त्यांच्या फोटोत आलं ते चिंचेमागं होतं म्हणून.

तेव्हा फोटो महाग होता, हेही खरं. इकडं मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे मुंबईतल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी एक. पण काचेच्या जड प्लेटा, रसायनं, तिकाटणं हे श्रीमंतांचं आणि जाणकारांचं काम होतं. १८८८ मध्ये कोडॅकनं रोल भरलेला छोटा कॅमेरा विकायला काढला, तेव्हा कुठं साध्या माणसाच्या हातात कॅमेरा येण्याची वाट उघडली. आमच्या भागात ती वाट पोचली ती आग्फा क्लिक थ्रीच्या रूपानं. बडोद्याला बनणारा हा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो. रोल भारतातलाच हवा तर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. बारातला पहिला फोटो दिवाळीत आणि शेवटचा पुढच्या गणपतीत, असे रोल मी स्वतः धुतले आहेत. त्या बारांत परडं, हौद, बाजार यांना जागा कुठून मिळणार?

मात्र वाटण्याची शिस्त तेव्हा पक्की होती. रोल धुऊन झाला की माणूस सांगायचा, याच्या चार कॉप्या काढा: एक माहेरी, एक मुंबईच्या भावाला, एक गुरुजींना, एक घरी. पाकिटात घालताना मागं लिहिणं हा रिवाजच. कोण, कुठं, कधी. पत्रातला मजकूर संपला तरी ती ओळ फोटोबरोबर राहायची.

१९९७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात फिलिप कान या माणसानं आपल्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो दवाखान्यातूनच मोबाईलच्या मदतीनं नातलग-मित्रांना एकदम पाठवला. फोनवरून असा फोटो वाटण्याची सुरुवात तिथं झाली असं मानतात. मला यात फार आपलेपणा वाटतो. एवढं मोठं तंत्र सुरू झालं ते बाळ बघा म्हणून सांगायला. आज चार कॉप्यांच्या जागी चारशे जणांना फोटो जातो, पैसा लागत नाही. कमी पडते ती फक्त मागची ओळ.

आणि यंत्र तर ती ओळ काढूनच टाकतं. फोननं काढलेल्या मूळ फोटोच्या पोटात तारीख, वेळ, कॅमेरा, आणि फोनचं लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश अशी माहिती असते. तिला एक्झिफ म्हणतात. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो आकारानं लहान होतो आणि ही माहितीही गळून पडते. तिथून पुढं तो दहा हातांतून गेला की कुठला, कधीचा, कुणी काढलेला, काही कळायला मार्ग उरत नाही. म्हणून घरच्यांना जपून ठेवायला फोटो द्यायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मूळ फोटो जसाच्या तसा, माहितीसकट जातो.

अनोळखी लोकांत मात्र नेमकं उलट करावं. घराच्या गच्चीवरून काढलेल्या सुंदर सूर्यास्तात घराचा अचूक पत्ता दडलेला असू शकतो. मुलांच्या शाळेच्या फोटोत तर अधिकच. पक्ष्याचं घरटं, दुर्मीळ फुलाची जागा, हेही असंच. गाव सांगावं, झाड सांगू नये. लोकांचे पाय आणि कॅमेरे जिथं गर्दी करतात तिथं घरटी टिकत नाहीत, हे मी नदीकाठी पाहिलं आहे. आमच्या कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात काठावर पडलेल्या मगरीचा फोटो आला तर तो पोहायला जाणाऱ्या पोरांचा जीव वाचवू शकतो; मात्र त्यावर तारीख आणि घाटाचं नाव हवं. नाहीतर तोच फोटो तीन वर्षं फिरतो, आणि खरी मगर दिसते त्या दिवशी कुणी लक्ष देत नाही.

हक्काचं काय, असंही लोक विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणाराच त्याचा पहिला मालक, कुठंही नोंद करावी लागत नाही. मात्र पैसे देऊन कुणी स्वतःसाठी फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर मालकी त्या गिऱ्हाइकाची. म्हणूनच मी माळ्यावरचे लग्नाचे, मुंजीचे, स्टुडिओत काढलेले फोटो कुणालाच पाठवत नाही, निगेटिव्ह माझ्या घरात असली तरी. त्या घरच्यांनी मागितले तर त्यांनाच देतो. मी वाटतो ते अण्णांनी स्वतःच्या हौसेनं काढलेले रस्ते, घाट, जत्रा. हरिपूरचा फोटोही त्या घरातल्या थोरल्या मुलाची ओळख लागल्यावर, त्याला विचारून मगच पुढं गेला. फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि तो गेल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. आणि रस्त्यावरून दिसणारी इमारत किंवा चौकात कायमचा बसवलेला पुतळा यांचा फोटो काढायला आणि छापायला आपल्याकडं कायद्यानं मुभा आहे, तेव्हा गावचा चौक टिपताना घाबरायचं कारण नाही. माणसाचा चेहरा जवळून येणार असेल तर विचारावं. कायदा काय म्हणतो हा पुढचा भाग. समोरच्या बाजारवाल्या मावशींना ‘काढू का?’ म्हटलं की त्या पदर नीट करून हसतात, आणि फोटोच चांगला येतो.

स्वतःच काढलेला फोटो सगळ्या जगाला द्यायचा असेल तर विकिमीडिया कॉमन्स हे २००४ पासूनचं खुलं भांडार आहे. तिथं परवान्यासकट फोटो ठेवता येतो: वापरा, पण नाव द्या. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. त्यावर आपल्या तालुक्यातल्या गावांची पानं उघडून बघा, कितीतरी पानांवर एकही चित्र नाही. गावचं देऊळ, वेशीचा दगड, आठवड्याचा बाजार, ग्रामपंचायतीची जुनी इमारत असा एखादा नीट काढलेला फोटो, खाली तारीख आणि गावाचं नाव, एवढं त्या पानाला पुरतं. शाळेतल्या मुलांना मी हे काम सांगतो. एका मुलीनं आजीच्या गावच्या विहिरीचा फोटो ठेवला, मोटेच्या खुणा असलेल्या दगडासकट. तो बघून मला सोन्याचा तुकडा मिळाल्यासारखं झालं.

मी अजून काय काय शोधतोय तेही सांगतो, कुणाच्या घरात असेल तर. आयर्विन पुलावरून सकाळी सायकलींवर दूध घेऊन येणारे गवळी. मार्केट यार्डातला हळदीचा सौदा, रुमालाखाली हात घालून भाव ठरायचे तेव्हाचा. उन्हाळ्यात नदी आटल्यावर पात्रातली कलिंगडाची वाडी. गावभागातल्या वाड्यांची आतून, माजघराकडून दिसणारी बाजू. बाहेरचे दरवाजे सगळ्यांनी काढलेत, आतलं कुणी नाही. आणि पेवाच्या आतला, खाली उतरून वर तोंडाकडं बघत काढलेला एखादा फोटो. मूळ फोटो तुमच्याकडंच राहू द्या, मला फक्त एक कॉपी हवी.

आज घरी जे फोटो आहेत त्यांच्या मागं लिहायला बसाल तर साधन नीट घ्या. जुना, नुसत्या कागदासारखा लागणारा काळा-पांढरा फोटो असेल तर मऊ शिसपेन्सिल, तीही कडेला आणि हलक्या हातानं. नंतरच्या रंगीत फोटोंच्या पाठीवर प्लास्टिकचा थर असतो, तिथं पेन्सिल उमटत नाही. बारीक टोकाचा, पाण्यानं न पुसणारा मार्कर घ्या आणि शाई पूर्ण वाळेपर्यंत त्यावर दुसरा फोटो ठेवू नका. बॉलपेन नको, दाबाची रेघ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उठते. नावं डावीकडून उजवीकडं लिहा, घरातल्या हाकेबरोबर पूर्ण नावही, कारण ‘बाळू’ प्रत्येक घरात असतो. गावाबरोबर गल्ली लिहा. साल नक्की आठवत नसेल तर ‘धाकटीच्या बारशाच्या आधी’ एवढं लिहिलं तरी चालतं. आणि घरात सर्वांत वयस्क जे कोणी असेल त्यांना शेजारी बसवूनच हे काम करा, याच आठवड्यात.